पहिल्या सुपातले गहू

अब्बा, आर्वीच्या बसस्टँडवर तिनं मला एक गोष्ट सांगितली आणि त्या दुपारपासून माझं तुमच्याशी जमेनासं झालंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरीही. गावचे मौलवी म्हणून तुम्ही सगळ्यांच्याच, हिंदूंच्याही, गव्हाच्या राशीवर फातिहा पढायचे. तोवर राशीला कोणी हात लावत नसे. मग पहिलं सूप भरून तुम्हीच मालकाच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचे. जिनं बसस्टँडवर सांगितलं, तिच्याही घरी. तिचा बाप म्हणायचा, "मौलवीसाब, हे घर तुमचंच हाय." तुमचा कुर्ता धरून मागे चालणाऱ्या मला ते खरं वाटलं.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी तिच्या आईला म्हणालो, "काकू, याच गव्हाची पोळी द्या ना." तुम्ही तिथंच कानाखाली मारली. परतताना बांधावर तुम्ही म्हणता, "बेटा, दुआ राशीवर पडते. पुढं कोण खाते, ते पाहणं आपलं काम नाई." मी रडतोय. मला वाटतंय, मागून खायचं नसतं म्हणून मारलं.

तुमच्यानंतर चाचा जायचे, मागच्या वर्षीपासून मी जातो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा अम्मीला सांगितलं, मशिदीचं काम कोणीतरी पाहायला पाहिजे.

बसस्टँडवर तिनं दुसरीकडे लग्न ठरल्याचं सांगितलं आणि मी भडकलो. "तुह्या घरच्या चुलीपर्यंत जातो मी, अन् तुह्या बापाले परका?" ती मांडीवरच्या बॅगेकडे पाहत बोलली, "तू ठेवतं ते सूप आई बैलाले घालते. आमच्या पोटात त्यातला दाणा नाई गेला कधी. तुह्या अब्बाले माहीत होतं. पोराले कळू देऊ नका, असं त्यायनंच म्हटलं होतं आईले." बस लागली, ती चढली.

त्या घरावरचा माझा राग कळतो मला. तुमचं काय करू? सगळं माहीत असून दरवर्षी उंबऱ्यावर बिस्मिल्ला म्हणत, दोन्ही हातांनी सूप सांभाळत, हसत आत जायचे तुम्ही. आणि मलाही सोबत न्यायचे.

आज तिचा बाप आपल्या दारात उभा आहे. "चाल ना बाप्पा, रास पडून हाय. फातिहाबिगर माप कसं लावू?" त्याच्या तोंडावर लबाडी शोधली, सापडली नाही. तो खरंच थांबलाय, तेच जास्त लागलं. म्हटलं, "फातिहा पढतो, काका. सूप तुम्ही उचलजा."

"काऊन?"

"बैल तुमचेच हायेत ना."

त्यानं मान खाली घातली. बैलगाडीपाशी जाऊन उभा राह्यला.

ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. मशिदीचं काम हा बहाणा होता. वर्षातून एकदा तिच्या घरात आतपर्यंत जाता यावं, एवढ्यासाठी कॉलेज सोडलं. तुम्ही लपवलं, मीही लपवलं. तरी तुम्हाला माफ करणं अजून जमत नाही. टोपी घालतो, फातिहा पढायला बाहेर पडतो, मागे दार ओढून घेतो.