आतड्याची तपासणी, आंब्यांच्या आधी

मालवण, मंगळवार संध्याकाळ

आतड्यातले पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, काढून तीन वर्षं झाली. पुन्हा दुर्बिणीतून बघायचं, आणि मी म्हणतोय, आधी बागेतले आंबे उतरू देत. शेजारच्या बाबल्याचेही पॉलिप काढले, पण त्याला डॉक्टरांनी लांबची मुदत दिली, मला तीनच वर्षं. कारण ठाऊक आहे: माझे पॉलिप जास्त होते, त्यातला एक मोठा, परत उगवण्याचा धोका जास्त. तरी हे ढकलणं कशाला? मी वार्ताहर; वर्तमानपत्राला कधी मजकूर उशिरा दिला नाही.

बायको म्हणाली, "आंबो येवच्या आधी मोहोर दाखयता. तुमचो पॉलिप काय दाखवन येतलो?"

तीन म्हणजे तीनच. डॉक्टरांकडे फोन लावला, शुक्रवार मिळाला. बाग धाकटा भाऊ बघेल. त्याच्या हातून चार आंबे आपटले तर आपटू देत.