परत केलेलं क्वार्टर

बाबा, मी काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. मोठाले कॉम्प्युटर अचानक बंद पडतात, ते का पडले हे मी शोधते. पडता पडता कॉम्प्युटर आपल्या मेमरीची नक्कल मागे ठेवतो, ती वाचत बसते. आठवडाभर एका इस्पितळाच्या मशीननं छळलं, आज सापडलं. मशीनच्या अगदी गाभ्यातला एक प्रोग्राम मेमरीतली आपली जागा परत करून बसला होता, पण पत्ता विसरला नव्हता. तो तिथं जातच राहिला. जुनं सामान पडून होतं तोवर त्याला मागेल ते मिळत होतं, कुणाला पत्ताही लागला नाही. त्या जागेत दुसरं कुणी आलं आणि सगळं कोसळलं. सोबत काम करणारा मुलगा म्हणाला, "दीदी, जगह छोड़ते ही पता मिटा दो, बस." एका ओळीचं काम होतं. ती ओळ लिहिताना मला तुम्ही आठवलात.

तुम्ही फॅक्टरीतून कांचघरच्या क्वार्टरवर यायचात, कडी दोनदा वाजवायचात, आई उंबऱ्यातच पाण्याचा गडू द्यायची, मग बूट निघायचे. आई वारली तीही त्याच क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर किल्ल्या परत करून आपण चेरीतालच्या घरी राहायला आलो, तरी तुमची सायकल कांचघरलाच वळायची. तिथं दाराला कुलूप आणि अंगणात गुडघाभर गवत.

"काहून जाता बाबा? कोण आहे तिथं?"

"पाणी पिऊन आलो न. तू काहून चिडून राहिली?"

तुमच्या मिशा ओल्या असायच्या. मला तेव्हाही भीती वाटायची.

आज काम संपवून स्कूटी घेऊन तिथं गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही खरंच गेलात याची एकदा खात्री करून घ्यायची होती. क्वार्टरला नवा रंग लागलाय. एक बाई बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली.

"आप बाबूजी की बेटी हैं न? शक्ल मिलती है. हम जब से यहाँ रहने आए हैं, बाबूजी रोज़ आते हैं. कुंडी दो बार बजाते हैं, पानी पीते हैं, चले जाते हैं." उंबऱ्यात भरलेला गडू होता. "आज अभी तक नहीं आए. तबियत तो ठीक है?"

खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर तुम्हाला कळेल, आणि मग तुम्ही यायचे थांबाल. मी तिला म्हटलं, "ठीक हैं. आते होंगे."