खोलीवरून फोन

१ ऑगस्ट
नोकरीचा पहिला दिवस आणि मी चक्क पत्ता चुकले नाही! लालबागला उतरले तर समोर मसाल्याची दुकानं, मिरच्या कांडण्याचा असा ठसका, की संस्थेच्या मृणालिनी मॅडमना नमस्कार करायच्या ऐवजी मी त्यांच्यासमोर शिंकतच राहिले. त्या म्हणाल्या, लालबागने स्वागत केलं तुझं.

कामाचं नाव 'विचारपूस'. कोकणातल्या आडबाजूच्या वाड्यांमध्ये म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलं मुंबईत. जवळपास डॉक्टर नाही, पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव वाहून गेला की रस्ताही नाही. अशांना आठवड्यातून दोनदा फोन करायचा. झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात रमतं का, हे विचारायचं आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. काळजीचं वाटलं तर तिथल्या आशा सेविकेला कळवायचं. प्राची तिचं नाव. ती डोंगर चढून बघून येते. माझ्या वाट्याला कातळवाडी आली आहे.

ऑफिस म्हणजे कातळवाडीच्या गावकऱ्यांची इथल्या चाळीतली खोली, सगळ्यात वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावचे पुरुष इथे पाळीपाळीने झोपायचे. एक ड्युटीवर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा आडवा. आता फक्त भिंतभर खुंट्या उरल्या आहेत आणि वर एक लाकडी माळा. मॅडमचं डोकं बघा, अनोळखी नंबर म्हातारे उचलत नाहीत, पण 'खोलीवरून फोन आहे' म्हटलं की धावत येतात. किल्ली अण्णांकडे असते. ते जुने गिरणी कामगार, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी माझं नाव, गाव, आडनाव विचारून घेतलं आणि पंख्याच्या बटणाला ओला हात लावू नकोस म्हणून दम दिला.

दुपारी डबा खाल्ला. दादरला मी राहते तिथल्या खाणावळीतली बाई भाजी बरी करते. आई म्हणायची, मनवाचा डबा म्हणजे दोन माणसांचा डबा. आई जाऊन दोन वर्षं झाली. आता मी जेवले की नाही हे विचारणारं कोणी नाही, तरी मी काही उपाशी राहत नाही.

४ ऑगस्ट
आज राधाबाईंशी बोलले. ऐंशीच्या पुढच्या, घरात एकट्या. त्यांना फोन लावता येत नाही, फक्त हिरवं बटण दाबून उचलता येतो. मी झोपेचं विचारलं, त्यांनी मला विचारलं, "गुणाजी खोलीवर आसा काय गो? जेवलो काय तो?"

गुणाजी म्हणजे त्यांचा मुलगा. तरुणपणी गिरणीत लागला, संपानंतर सुरतेला गेला म्हणे, तो घरी आलाच नाही. अण्णांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, हां, सुरतेला आहे तो. आणि चहा थंड होतोय म्हणून खाली निघून गेले. चाळीस वर्षांत आईला एक फोन न करणाऱ्या माणसाचा मला इतका राग आला की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

७ ऑगस्ट
प्राचीचा फोन आला होता. राधाबाईंनी अन्न सोडलं आहे. पेज नुसती समोर ठेवून बसतात. सरकारी दवाखान्यात न्यायला साकव नाही. असंच चाललं तर जास्त दिवस काढणार नाहीत, असं प्राची म्हणाली.

मी लगेच फोन लावला. पुन्हा तेच, गुणाजी आला का, जेवला का. आवाज इतका बारीक झालाय. प्रशिक्षणात शिकवलंय की खोटा दिलासा द्यायचा नाही. पाठ आहे मला. पण तो आवाज ऐकून माझ्या तोंडून निघूनच गेलं की हो, आलाय सुरतेहून. इथेच असतो खोलीवर. आत्ता सेकंड शिफ्टला गेला, जेवून गेला.

मग त्या रडल्या. मग म्हणाल्या, थांब गो बाय, पेज घेतंय. आणि फोन कानाला धरूनच त्यांनी पेज प्यायली. मी भुरके ऐकत होते आणि मीही रडत होते. चूक केली हे माहीत आहे. पुन्हा केली असती हेही माहीत आहे.

१२ ऑगस्ट
राधाबाई आता भात-आमटीवर आल्या आहेत. मी रोज फोन करते आणि रोज गुणाजीला जेवायला घालते. आज काय खाल्लं त्याने? बांगड्याचं तिखलं. काल? कुळथाची पिठी. खादाड बाई मी, पदार्थांना तोटा नाही. आज त्यांनी विचारलं, गणपतीला येणार ना? म्हटलं, नक्की येईल. यंदा नक्की.

एक गंमत झाली. दुपारी डबा उघडला तर रिकामा. सांडलेला नव्हे, खाऊन पुसून ठेवलेला. झाकण घट्ट लावलेलं. बहुतेक खाणावळीतल्या बाईने चुकून रिकामाच दिला. वडापाववर भागवलं.

१४ ऑगस्ट
आजही. पण आज निघताना मी स्वतः उघडून बघितला होता. शेपूची भाजी होती.

मांजर असेल म्हटलं तर अण्णा हसले, मांजर झाकण लावून जातं काय? मग हसता हसता थांबले. डबा कुठे ठेवला होतास, विचारलं. माळ्याच्या शिडीपाशी, म्हटलं. उद्यापासून खाली माझ्याकडे ठेव, असं म्हणाले आणि कारण सांगितलं नाही.

एका खुंटीवर कोणाचा तरी सदरा अडकवलेला आहे. काल नव्हता. हात लावला तर काखेत घामाने ओला. वर कापसाचे तंतू, गिरणीत चिकटतात तसे.

१८ ऑगस्ट
राधाबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, काल गुणाजी फोनवर बोलला. तू नव्हतीस तेव्हा. तुझा डबा आवडतो म्हणाला, पण मीठ कमी असतं.

काल रविवार. खोलीला कुलूप होतं. संस्थेचा फोन, ज्यावरून मी त्यांच्याशी बोलते, आत कपाटात होता.

मी त्यांना काही बोलले नाही. काय बोलणार? त्या जेवतायत. प्राची म्हणते चमत्कार आहे, अंगणात येऊन गणपतीसाठी सारवण करायला लागल्या. झील येतलो, मुलगा येणार, म्हणून. घरी येऊन खाणावळीच्या भाजीची चव बघितली. खरंच मीठ कमी होतं.

२० ऑगस्ट
अण्णांना धरून बसवलं. सगळं सांगितलं. टोपी हातात फिरवत ते बोलले.

गुणाजी सुरतेला कधी गेलाच नाही. संप होऊन गेला होता, गिरणी उघडायचं नाव घेत नव्हती. गणपतीला सगळी खोली गावी निघाली. गुणाजीला रिकाम्या हाताने आईपुढे जायची लाज वाटत होती, म्हणून तो प्रत्येकाला सांगत राहिला की मी दुसऱ्यांबरोबर येतो. गावाला जाणाऱ्यांना वाटलं तो मागच्या गाडीने येतोय. आणि तो तापाने फणफणून वर माळ्यावर पडलेला. शेवटी निघालेल्याने खाली बघितलं, कोणी नाही, कुलूप लावलं. मजल्यावरची झाडून सगळी कुटुंबं कोकणात. बाहेर लालबागचे गणपती, ढोल, लाऊडस्पीकर, माणसांचा समुद्र. तो आतून दार ठोकत राहिला असेल. कोणाला ऐकू येणार?

सगळे परत आले तेव्हा दार उघडलं.

कुलूप कोणी लावलं, ते अण्णांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. राधाबाई तेव्हा नुकत्या विधवा झाल्या होत्या, हे ऐकून मरतील म्हणून सगळ्या गावाने सुरतेचं ठरवलं. दिवस घातले असते तर त्यांना कळलं असतं, म्हणून दिवसही घातले नाहीत. पितृपक्षात, म्हाळाला, त्याच्या नावाने कधी पान वाढलं नाही. म्हणजे तो मेला तेव्हापासून उपाशी आहे. आणि मी त्याच्या खोलीत बसून रोज मोठ्याने सांगते, जेवला, जेवला.

२२ ऑगस्ट
आज दोन डबे नेले. एक त्याच्यासाठी शिडीपाशी ठेवला. रडू येत होतं, भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

माझा घास मला गिळता येईना. तोंडात कोरडं, भुसभुशीत काहीतरी. बोटाने काढलं तर कापूस. भात काढला, कापूस. पाणी प्यायले, तेवढंच उतरलं.

दादरला येऊन खाणावळीत बसले. तिथेही तसंच.

२५ ऑगस्ट
तीन दिवस पाण्यावर आहे. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी.

चाळ रिकामी होतेय. बोचकी, मखरं, पोरंबाळं, सगळे गावाला. अण्णा उद्या दुपारी निघणार. मॅडमना, अण्णांना आणि दादरच्या खोलीवरच्या मुलींना सांगितलं, मी सांगलीला घरी चालले. दादा-वहिनीला सांगितलं, रजा नाही, मुंबईतच आहे. आई नसलेल्या घरात गणपतीला जाववत नाही मला. खरं कुणालाच सांगितलं नाही.

राधाबाईंना मात्र खरं सांगायचं ठरवलंय. उद्या. परवा गणपती घरात येतील आणि त्या वाटेकडे डोळे लावून बसतील, आणि तो आला नाही की पुन्हा अन्न सोडतील. या वेळी सावरणार नाहीत. माझ्या तोंडाने गेलं, माझ्याच तोंडाने परत घ्यायला हवं.

२६ ऑगस्ट
सकाळी अण्णांकडून किल्ली घेऊन वर आले. दार उघडल्यावर किल्ली त्यांना परत नेऊन दिली. जाताना कुलूप मी लावेन, तू तुझ्या गाडीला जा, असं ते म्हणाले.

फोन लावायला हात होईना. आधी त्याला जेवू घालावं असं वाटलं. केळीच्या पानावर भात, वरण, बांगडा. मीठ नीट. पान घेऊन माळ्यावर चढले. त्याची वळकटी अजून तिथेच आहे, कोणी उतरवलेलीच नाही. पान ठेवलं, हात जोडले. म्हटलं, बाबा रे, जेव आणि सुट. तुझ्या आईला मी सांगते.

मग डोकं गरगरलं. टेकले तिथेच.

दुपार
खालून कोणीतरी मला हाक मारली. मनवा, अशी. पुरुषाचा आवाज. मी वळकटीवर अंग चोरून पडले. तोच असणार असं वाटलं. श्वास धरला. ओ दिली नाही.

मग कडी वाजली. मग कुलूप.

मग अण्णांचा खोकला, जिन्यात, खाली खाली जाणारा —

अण्णा होते ते. अण्णा होते!

२६, अजून
दार ठोकलं. हात सुजले. मजल्यावर कोणी नाही. खिडकीचे गज, पलीकडे भिंत. माझ्या फोनला रेंज नाही, एवढ्या गर्दीत कोणालाच नसते म्हणतात. संस्थेचा फोनही लागत नाही. खाली आगमनाचे ढोल. मला माझाच आवाज ऐकू येत नाही —

सांगलीला वाटतंय मी मुंबईत. मुंबईला वाटतंय मी सांगलीत. हसू येतंय —

दारावर आतून ओरखडे आहेत, कमरेच्या उंचीला. आधी कसे दिसले नाहीत. माझी बोटं त्यात बसतात —

२७ ऑगस्ट, चतुर्थी
माळ्यावरचं पान रिकामं. पुसून खाल्लेलं. खुंटीवरचा सदरा नाही.

खोलीत कोणी नाही. पहिल्यांदाच असं वाटतंय, की खरंच कोणी —

आरत्या चालू आहेत खाली. पाणी संपलं.

फोन वाजला. संस्थेचा. राधाबाई. पण त्यांना फोन लावता येत नाही. त्या फक्त उचलतात —

म्हणाल्या, गुणाजी इलो गो बाय. पहाटे इलो. बाजूला बसून जेवतोय. मोदक वाढलेत त्याला. किती वाळलाय. मागून वाढायची पळी वाजत होती, आणि कोणीतरी जेवत होतं, भुकेल्या माणसासारखं, भराभर. मी म्हटलं, राधाबाई, मला इथून — प्राचीला सांगा — कुलूप —

ढोलांत त्यांना ऐकू गेलं नसेल. त्या हसत होत्या. म्हणाल्या, गुणाजी सांगतोय, आता खोलीवर दुसरं माणूस आहे, म्हणून मला सुटता आलं. देव भलं करो त्याचं.

मी ओरडले. मी ओरडत होते —

मग त्या थांबल्या. मायेने, अगदी माझ्या आईसारखं, विचारलं, तू जेवलंस काय गो चेडवा?

दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

हो म्हणावं. नाहीतर म्हाताऱ्या जिवाला सणाच्या दिवशी घास जाणार नाही. हो म्हणावं आणि —

नाही. नाही जेवले. आई, मी अजून