उजवा कौल

११ जुलै
उपकेंद्रात लोकसंख्या दिन. शहरातून आलेल्या बाईंनी पृथ्वीचं चित्र लावलं — तोंडात थर्मामीटर. "माणसं वाढली, पृथ्वी तापली, समुद्र चढला." ऐकायला आम्ही नऊ जणी! शाळेचा पट अकरा. गावात माणसं उरली नाहीत, समुद्र मात्र आमच्याच माडांच्या मुळाशी. दोन माड गेले. पलीकडच्या रिसॉर्टात वीस एसी घरघरतात, त्यांना कोण भाषण देतं? डोकंच फिरलं.
एक मात्र पटलं — किती मुलं हवीत ते बाईने ठरवावं. माझं ठरलंय. एक रिया बस. तांबी बसवून तीन वर्षं झाली. सर्वेशला ठाऊक आहे, सासूला नाही.

१६ जुलै
सासूचं पुन्हा तेच. "रापणीचो दोर ओढूक घरची माणसा खंय आसत गो? भाडोत्री आणूक लागतत." रापणीचं जाळं नारळी पुनवेनंतर पाण्यात जाणार, नातू मात्र आजच हवा! सर्वेशने आणखी भात मागितला.

२१ जुलै
सासूने देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं — या घरात दुसरं मूल येणार असेल तर उजवा दे. मागे उभी राहून मीही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. पाषाणावर चिकटवलेली उजवी पाकळी पडली. सासूच्या डोळ्यांत पाणी.
मी देवाला मानते. खरंच मानते. त्याने शब्द दिला आणि मी तो अडवून बसलेय.

२२ जुलै
सर्वेशला म्हटलं, आईला सांगून टाक. "देवान सांगल्यार मी काय बोलतलंय?"
शुक्रवारी उपकेंद्रात नर्सबाई येतात. तांबी काढूनच घ्यावी.

२४ जुलै
अमावास्या, उधाण. मी बाजारात होते, कळलं तशी धावत सुटले. भर दुपारी लाट अंगण ओलांडून थेट माजघरात. दिव्यांच्या पूजेला मांडलेले दिवे पाटासकट वाहून गेले. रिया तापाने आत निजलेली. सासू तिला कडेवर घेऊन खाटेवर उभी — गुडघ्यांनी अधू बाई! मी पोचले तरी रियाला सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली.
वरच्या वाडीत मैत्रिणीकडे, दीपिकाकडे आलोय.

२५ जुलै
सकाळी सासू दिसेना. न सांगता देवळात गेलेली.
दीपिकाच्या पडवीत दोरीवर आमचे कागद वाळत होते. रियाच्या वह्या, रेशनकार्ड — आणि चिमट्याने अडकवलेलं माझं तांबीचं कार्ड. कागदांची भिजलेली ट्रंक रात्री सासूनेच उपसली होती. तिला वाचता येतं.
आली, पाय धुतले, खाली बसली. "देवाक सांगान इलंय, म्हाराजा, तुझो शब्द तू परत घे." मग रियाकडे बघत म्हणाली, "एकाक उचाललंय. दुसरा आसता तर?"
आज शुक्रवार. उपकेंद्राकडे मी फिरकले नाही.