काकांच्या श्वासाचे सतरा तुकडे

डोंबिवली पूर्व,
१३ जानेवारी २०२५

चि. सौमित्र यास उत्तराआत्याचे आशीर्वाद.

काल, रविवार, १२ जानेवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या बाहेरच्या खोलीत तुझे काका श्वास घेत होते. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, तक्रार लिहायची तर तारीख-वेळ आधी, रडगाणं नंतर. तर आता रडगाणं.

तुझी बहीण रसिका तिळगूळ घेऊन आली होती. दादाने आवाज दिलेला गेम दाखवते म्हणाली आणि फोन टीव्हीला जोडला. एक माणूस बंद कारखान्यात पळतोय, मागे काहीतरी लागलंय. दमला की धापा टाकतो. त्या धापा ह्यांच्या आहेत. आत घेताना शिट्टी, सोडताना घशात खरखर. छत्तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात हेडफोन लावून बसले, आणि पुढची दोन वर्षं ह्या एका माणसाच्या छातीकडे कान देऊन. मला शिकवू नकोस.

रसिकाने बोट दाबलं की हे धापा टाकायचे, बोट उचललं की गप्प. बंद कर म्हटलं तर म्हणाली, अगं आत्या, थांब ना, आत्ता सोडला तर मरेल तो. मेला. तिने परत सुरू केला. तिला काही ठाऊक नाही, तिला बोलू नकोस. मी बोलले तेवढं तिला महिनाभर पुरेल.

ह्यांनी तीस वर्षं सिनेमांना पावलं दिली. नट पडद्यावर चालायचा आणि हे स्टुडिओत माईकपुढे वाळूच्या पेटीत. तुला हे काम त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, सिनेमातला आवाज एकदाच येतो, आपल्या जागेवर येतो, मग माणसं घरी जातात. तुझ्या गेममधून घरी कोण जातं?

आणखी एक. त्या धापांमध्ये एक थांबा आहे. श्वास सुटतो, आणि पुढचा येईपर्यंत मी मनात सातपर्यंत मोजलं. हा थांबा मी कधीच ऐकलेला नाही. मी घरात असताना तो आलेला नाही. मग तू कधी ऐकलास?

फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर तू फार गोड बोलतोस. लिही.

आशीर्वाद आहेत, तूर्तास.
उत्तराआत्या

*

ठाणे,
१७ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास सौमित्रचा शिरसाष्टांग नमस्कार.

हाताने लिहायची सवय गेलीय, अक्षराला हसशील, हस.

श्वास काकांचाच आहे. ते स्वतः म्हणालेले, सौमित्रा, असली धाप तीस वर्षांत स्टुडिओत कोणाला जमली नाही, घेऊन ठेव. मी त्यांना सिनेमासाठी म्हणून सांगितलेलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराच्या मरणाचा प्रसंग, बारा सेकंद. तो सिनेमा मध्येच बंद पडला. मग मी इथे वागळे इस्टेटला गेमच्या कंपनीत लागलो.

इथलं काम वेगळं आहे गं. सिनेमात कुठे घाबरायचं ते दिग्दर्शक ठरवतो. गेममध्ये खेळणारा कधी पळेल, कधी थांबेल, आम्हाला माहीत नसतं. तीच धाप तशीच परत आली तर कान ओळखतो आणि भीती जाते. म्हणून मी तिचे सतरा तुकडे केले. दर वेळी ते वेगळ्या क्रमाने वाजतात. आधी नटांकडून करून घेतलेलं, खोटं वाटायचं. काकांचा श्वास लावला आणि टीमने पहिल्याच वेळी तो पक्का केला. मला तेव्हा अभिमान वाटलेला. आता लिहिताना लाज वाटते.

आता थांब्याबद्दल. २० नोव्हेंबर २०२३. तू बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलेलीस आणि मी काकांजवळ बसलेलो. रेकॉर्डिंग एक्केचाळीस मिनिटांचं आहे. झोपेत गेले असं मी तुला सांगितलं. ते जागे होते. मला वाटलं नेहमीची धाप आहे, बसेल. मी मशीन चालू राहू दिलं. तुला फोन करायला हवा होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा तू जिन्यात होतीस.

आवाज बदलायचा तर कंपनीला विचारावं लागेल. तू हवी तेवढी रागाव, पण मला तोडू नकोस.

तुझा,
सौमित्र

*

डोंबिवली पूर्व,
२० जानेवारी २०२५

सौमित्र,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरून नव्हे.

त्या दिवशी बँकेत माझा अंगठा मशीनवर उमटेना. भांडी घासून रेषा झिजल्यात म्हणाली ती मुलगी. रुमालाने पुसून दे, परत दे, कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकाव. मी जिवंत आहे हे पटवण्यात पाऊण तास गेला, आणि मी तिच्याशी चांगली कडाकडा भांडले. फोन पर्समध्ये होता. बँक ते घर रिक्षाने सात मिनिटं.

चौदा महिने भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी चहा दिला आणि सांगितलं, झोपेत गेले, कळलंसुद्धा नाही त्यांना. सगळे म्हणाले, सुटले. तुझं खोटं मी घरोघर वाटलं.

गेममध्ये कुठे घाबरायचं ते कोणी ठरवत नाही म्हणतोस. तू ठरवलंस. ह्यांनी बारा सेकंद दिले होते, एका म्हाताऱ्याला पडद्यावर नीट मरता यावं म्हणून. तो मेला असता आणि थिएटर क्षणभर गप्प बसलं असतं. तू त्यांचा श्वास अशा माणसाच्या छातीत घातलास, ज्याला मेल्यावर दर वेळी कोणीतरी उठवून परत पळवतं. ज्या माणसाला शेवटी संडासापर्यंत चालवत नव्हतं, त्याला.

सतरा तुकडे काढ, सगळे. कंपनी नाही म्हणाली तर तुझ्या साहेबाचं नाव आणि पत्ता पाठव. त्याला मी इंग्रजीत लिहीन, आणि त्याला डिक्शनरी लागेल.

ती एक्केचाळीस मिनिटं मला पाठवू नकोस. माझ्याने ऐकवणार नाही. तू ऐक. एकट्याने, पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत, मध्ये न थांबवता. आणि मला लिही, त्यांनी मला हाक मारली होती का. मारली असेल तर कितव्या मिनिटाला, किती वेळा, आणि मी कुठे आहे म्हणून तू त्यांना काय सांगितलंस.

शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हातचं पत्र माझ्या दारात पडलं पाहिजे. आठवत नाही असं लिहू नकोस. तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.

उत्तरा