सतरा गाड्यांना वाट

आई,

तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा गेले तेव्हा बर्फामुळे माझं विमान चुकलं, हे मी खोटं सांगितलं. इथले डोंगरातले रस्ते एकाच गाडीपुरते आहेत. कडेला थांबायची जागा ज्याच्या जवळ, त्याने थांबून समोरच्यांना जाऊ द्यायचं. त्या दिवशी विमानतळाकडे जाताना मी असाच थांबलो. डोंगर बघायला आलेल्यांच्या सतरा गाड्या रमतगमत गेल्या. मध्येच गाडी घालायला मन धजलं नाही. बाबांनीच शिकवलं होतं ना, आधी समोरच्याला जाऊ द्यायचं! विमान दहा मिनिटांनी चुकलं.

प्रत्येकाने हात वर करून आभार मानले. तिकडे बाबा दाराकडे बघत होते आणि इकडे मी वेडा प्रत्येकाला हात करून हसत होतो.

तुझाच,
धाकटा