तुझ्या जागी येणाऱ्या बाईंसाठी

सरावली, बोईसर
रविवार दुपार

प्रिय समिधा,

फोनवर तू बोलत नाहीस आणि मोबाइलवर फक्त अंगठा पाठवतेस. अंगठ्याला उत्तर काय द्यायचं हे मला अजून जमलेलं नाही, म्हणून कागद घेतला. शैलेशची दुसरी पाळी आहे. कंपनीची बस मघाशीच त्याला घेऊन गेली. घरात मी आणि पंखा.

मागच्या आठवड्यात मी दातिवऱ्याला आले तेव्हा तू पाटीवर दोन गोष्टी लिहिल्यास. पहिली, हे पाकीट पालघरला पंचायत समितीत देऊन ये. पाकिटात काय आहे ते मी विचारण्याआधीच तू लिहिलंस, स्वेच्छानिवृत्ती. मग पुसलंस. दुसरी, लायब्ररीच्या खोलीत काय साहित्य लागतं ते लिहून पाठव, माझ्या जागी येणाऱ्या बाईंना उपयोगी पडेल. तेही पुसलंस. पाटी पुसायची तुला भारी घाई. माझं वाचून व्हायच्या आत फडकं फिरतं. पहिल्या कामाबद्दल शेवटी लिहिते. आधी दुसरं.

तुझ्या जागी येणाऱ्या बाई कोण असतील ते मला माहीत नाही. त्यांनी आधी एक पेचकस मिळवावा आणि कपाटाची दारं काढावीत. आमच्या शाळेत तीन वर्षं पुस्तकं कुलपात होती. फाटू नयेत म्हणून. फाटली नाहीत. दारं काढली तरी पोरं जवळ येईनात, कारण पुस्तकं पाठ करून उभी होती. पहिली-दुसरीतलं मूल पुस्तकाच्या पाठीवरचं बारीक नाव वाचत नाही, ते पुस्तकाचं तोंड बघतं. मग मी खोलीत कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिमट्यांनी पुस्तकं लटकवली. प्रताप सर, आमचे मुख्याध्यापक, दारातून म्हणाले, बाई, कुणाची धुणी काढलीत. पण त्या दिवशी पहिल्यांदा पोरांनी पुस्तकासाठी भांडण केलं. तुमच्याकडे दोरीची गरज नाही. होडीवरचं टाकून दिलेलं जाळं भिंतीला ठोकायचं, खालची कड वर दुमडून बांधायची, त्याची खोळ होते. पुस्तकं त्यात तोंड दाखवून बसतात आणि जाळ्यातून दिसतातही. हे मी करून पाहिलेलं नाही. पण तुमच्या पडवीत जाळं बघितलं तेव्हापासून डोक्यात आहे.

तुमची हवा खारी. पुस्तकांच्या पिना गंजतात आणि मधलं पान आधी गळतं, त्यालाच चित्र मोठं असतं. येणाऱ्या बाईंनी नवीन पुस्तक आलं की पिना उपसून टाकाव्यात आणि दोऱ्याने तीन टाके घालावेत. जाळी विणायचा दोरा चालेल, तो खाऱ्या पाण्याला घाबरत नाही. चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. घरातली मैद्याची खळ आणि पातळ कागद, एवढं पुरतं. टाके सुबक पडले पाहिजेत. तू साडीचा काठ शिवायचीस तसे. अर्थात येणाऱ्या बाईंना तसं येत असेलच असं नाही.

पुस्तकांचे विभाग पाडायचं काम बाईंनी करू नये. मी केलं होतं. प्राणी, विज्ञान, थोर व्यक्ती. रंगीत टिकल्यासुद्धा लावल्या. एक दिवस पोरांना सांगितलं, तुम्हाला हवं तसं लावा. त्यांनी तीन ढीग केले. भीती वाटते ती, हसू येतं ती, आणि झोप येते ती. थोर व्यक्ती सगळ्या तिसऱ्या ढिगात. भागी म्हणून एक वारली मुलगी आहे, फार बोलत नाही. तिने एकच पुस्तक उचलून चौथा ढीग केला. विचारलं तर म्हणाली, ही घरी घेऊन जायाची हायत. नेऊ दिलं. परत आणलं तेव्हा त्याला चुलीचा वास होता. आता तो आमचा सगळ्यात मोठा ढीग आहे.

आणि बिनशब्दांची चित्रपुस्तकं. जितकी मिळतील तितकी. माझ्या वर्गात भोजपुरी आहे, ओडिया आहे, वारली आहे, मराठी त्यातली एक. शब्द नसलेलं पुस्तक सगळ्यांच्या मालकीचं असतं. मी पान उलटते आणि गप्प बसते. समिधा, गप्प बसणं किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. जीभ आतून ढकलत असते. पोरांना मात्र आपण गप्प बसलो की वाटतं, आता आपली पाळी. ज्या बाईंना हे आधीपासून येत असेल त्यांचं अर्धं काम झालेलं असेल.

तुला डी.एड.चा तो सराव पाठ आठवतो का. पालघरची शाळा, चौथीचा वर्ग. निरीक्षण लिहायला मी शेवटच्या बाकावर होते. तू पुस्तक उघडलंस आणि वाचायला लागलीस, आणि थोड्या वेळाने शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा आवाज थांबला. तिथले गुरुजीच दारात येऊन उभे राहिले होते. मी निरीक्षणाच्या वहीत काही लिहिलं नाही. नंतर तूच ओरडलीस, मेले, माझे मार्क गेले. माझा स्वतःचा आवाज तुला माहीतच आहे, कुकरच्या शिट्टीसारखा. इतकी वर्षं नोकरी झाली, पण कुठलीही गोष्ट वाचायला घेतली की मी मनात आधी ती तुझ्या आवाजात ऐकते आणि मग मागून माझी शिट्टी वाजवते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात तुझ्या गळ्यातली गाठ काढली. साधी निघाली म्हणून आम्ही पेढे वाटले. आवाज येईल, थोडा वेळ लागेल, असं सगळे म्हणत राहिले, आणि उरली ती कुजबुज. तुमच्या मुख्याध्यापकांनी वर्ग काढून घेतला आणि लायब्ररीचे तास दिले. त्यांच्या मनात चांगलंच होतं. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, मुक्या बाईला मुकी खोली. मी तेव्हा हसले. बसमध्ये बसल्यावर हसू गेलं.

पण मला साहित्याबद्दल लिहायचं आहे. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या इमारतीचं काम निघालं. ड्रिल, मिक्सर, लोखंड कापायचं यंत्र, सगळं एकदम. शुक्रवार होता, तिसरीचा लायब्ररीचा तास. विहिरीत पडलेल्या करडाची गोष्ट मी सुरू केली आणि दोन वाक्यांत माझी शिट्टी बसली. पुस्तक मिटलं. तेवढ्यात दीपाली उठली. तिचे आईवडील दोघंही इथे सूत पिळायच्या कारखान्यात आहेत. तिथे यंत्रांचा आवाज इतका की माणसं तोंडाने बोलतच नाहीत, सगळं हातांनी. तीच भाषा घरी येते. बाप पाळीवरून दमून आला की हातानेच पाणी मागतो, असं तिने मला नंतर सांगितलं. तर तिने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, एका पोरीला धरायला दिलं आणि हातांनी गोष्ट सांगायला लागली. करडू पडलं, तळवा खाली गेला. दोर सोडला. दोर तुटला, तेव्हा तिने दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावून झटकन दूर केल्या. कारखान्यात धागा तुटला की हीच खूण करतात. निम्मा वर्ग हळहळला. बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी कारखान्यात आहे, त्यांना कळलं. ज्यांना कळलं नाही त्यांना शेजारच्याने कळवलं, तेही हातांनी. मग गावचे पाटील विहिरीवर येतात तिथे दीपाली अडली. पाटलांची खूण कारखान्यात नसते. तिने मुकादमाची केली, वरच्या ओठावरून बोट फिरवायचं, मिशी. आणि प्रताप सर नेमके दारात. मिशा त्यांनाही आहेत. वर्ग सरांकडे बघून हसून लोळला. सरांनी स्वतःच मिशीवरून बोट फिरवलं आणि ते खाली बसले. शेवटी टोपली खाली जाते आणि करडू वर येतं. ड्रिल चालूच होतं. कुणालाही ऐकू आलं नाही, आणि सगळ्यांनी ऐकलं.

आता दर शुक्रवारी मुकी गोष्ट असते. बाहेरचं काम थांबलं तरी पोरं थांबायला तयार नाहीत. माझं काम पुस्तक धरायचं. एक पोरगा मला समजावत होता, मैडम, आप सिर्फ पन्ना पलटो, बाकी हम देख लेंगे. या वयात बढती मिळाली म्हणायची.

त्या शुक्रवारी घरी येताना मला तुमचा किनारा आठवला. तू दातिवऱ्याला नवी होतीस, मला होड्या बघायला घेऊन गेलीस. नवशा तांडेलाची होडी अजून बरीच आत होती. इंजिनाच्या आवाजात हाक कुठली पोचते. त्याने उभं राहून एक हात वर केला, तळवा उलटा केला आणि खाली घेतला. किनाऱ्यावरच्या बायकांनी मोठ्या टोपल्या बाजूला ठेवल्या आणि लहान पुढे ओढल्या. एक म्हातारी म्हणाली, आज नाय काय, हलकंच हाय. मी विचारलं, यांना कसं कळलं. तू मला सगळ्या खुणा करून दाखवल्यास. भरपूर आहे, थोडं आहे, जाळं फाटलं, वारा फिरला. बायका हसत होत्या, नव्या बाईंनी आमची बोली इतक्यात उचलली म्हणून. तुझ्या शाळेतलं प्रत्येक पोर ही बोली चालायच्या आधी शिकलेलं आहे.

तेव्हा येणाऱ्या बाईंसाठी यादी अशी. पेचकस, जुनं जाळं, दोरा, खळ, बिनशब्दांची पुस्तकं, आणि पोरांचे हात. बाई कशा असाव्यात तेही लिहू का. टाके सुबक घालणाऱ्या. गप्प बसायचा सराव असलेल्या. होडीवरच्या खुणा येणाऱ्या. मूल बोलत असताना ज्यांचा आवाज मध्ये येणार नाही अशा. मी खूप विचार केला. मला अशी एकच बाई माहीत आहे आणि तिचं पाकीट माझ्या पिशवीत आहे.

होय, अजून पिशवीतच आहे. पालघरला मीटिंगला गेले होते, पंचायत समितीच्या खिडकीसमोरून दोनदा गेले, पाकीट बाहेर काढलं नाही. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दातिवऱ्याला येतो आहोत, तिसरीचा वर्ग, मी आणि प्रताप सर. सरांनी तुमच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे, तुमची पोरं थांबणार आहेत. तुला आधी विचारलं नाही, कारण तू अंगठा पाठवशील की नाही याची खात्री नव्हती. माझी पोरं कारखान्याच्या खुणा घेऊन येतील आणि तुमच्याकडून समुद्राच्या घेऊन जातील. दीपालीने कालच विचारलं, त्या बाईंना लाट करता येते का, आमच्या कंपनीत लाट नाय. मी म्हटलं, येते. तेवढी तिला दाखव. पोरं टेम्पोत बसली की मग पाकिटाचं मला हाताने सांग. ने, असं म्हणालीस तर सोमवारी पाकीट खिडकीत देईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण त्याआधी एक गोष्ट तू सांग. कुठलीही. हातांनी सांग, आणि जो उरला आहे त्या आवाजाने. तो शेवटच्या बाकापर्यंत पोचायची गरज नाही. या वेळी मी पुढे बसेन.

तुझीच,
जागृती